शॉर्ट सौद्यांची आकडेवारी : एनएसईच्या मोफत अहवालांचा परिचय

‘अमुक शेअरमध्ये शॉर्ट (हाती नसलेला शेअर आधी विकून नंतर खरेदीने फेडायचे सौदे) किती आहे?’ हा प्रश्न सोलापुरात नवी पेठेतल्या ब्रोकरकडे हल्ली वरचेवर विचारला जातो आणि उत्तरादाखल एखाद्या सशुल्क अ‍ॅपवरची टक्केवारी दाखवली जाते. माझ्या मते त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावरचे दैनिक अहवाल मोफत आणि विश्वासार्ह आहेत. मात्र कोणता अहवाल काय सांगतो, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

पहिली फाइल शॉर्ट सेलिंगची. संस्थात्मक गुंतवणूकदाराने ऑर्डर देतानाच आणि किरकोळ गुंतवणूकदाराने त्या दिवसाचे व्यवहार संपेपर्यंत आपली विक्री शॉर्ट असल्याचे जाहीर करावे, असा बाजार नियामक सेबीचा नियम आहे. त्या माहितीवरून बनलेल्या या फाइलमध्ये कंपनीचे नाव, तारीख आणि शेअरची संख्या एवढेच असते. हा त्या दिवसाच्या विक्रीचा आकडा आहे, शिल्लक, म्हणजे अजून न फेडलेल्या, सौद्यांचा नव्हे. परतखरेदीची नोंद त्यात नसल्यामुळे महिनाभराचे आकडे जोडले तरी उभे शॉर्ट किती, हे कळत नाही.

शिल्लक आकड्याच्या सर्वांत जवळ जाणारा अहवाल एसएलबीचा, म्हणजे शेअर उसने देण्याघेण्याच्या व्यवस्थेचा, जी एप्रिल २००८ पासून सुरू आहे. कोणत्या मालिकेत (परतीच्या महिन्यानुसार पाडलेल्या गटात) किती शेअर उसने गेलेले आहेत, हे तिथे दिसते आणि उसनवारीचा दर वाढत असेल तर मागणीही वाढते आहे, असे समजावे. तरीही प्रत्येक उसनवारी म्हणजे मंदीचा अंदाज नव्हे. वायद्याचा (पुढच्या ठरावीक तारखेला पूर्ण करायच्या सौद्याचा) भाव रोखीच्या भावापेक्षा खाली गेला, की शेअर उसना घेऊन विकायचा आणि वायदा खरेदी करायचा, असा आर्बिट्राजही, म्हणजे भावांतल्या फरकावर नफा मिळवण्याचा व्यवहारही, याच आकड्यात मिसळलेला असतो. म्हणून हा अहवाल वाचताना शेजारी वायद्याचा भाव उघडा ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

वायद्यातला ओपन इंटरेस्ट, म्हणजे उभ्या सौद्यांची एकूण संख्या, हा शॉर्टचा आकडा नाही, कारण प्रत्येक उभ्या सौद्यात एक विकणारा आणि एक घेणारा असतोच. परदेशी संस्थांचा कल पाहायचा असेल, तर रोज प्रसिद्ध होणारा सहभागीनिहाय, म्हणजे गुंतवणूकदारांच्या गटांनुसारचा, अहवाल अधिक उपयोगी पडतो, पण तो शेअरनिहाय नसतो.

अमेरिकेत ब्रोकरांवर देखरेख ठेवणारी फिन्रा ही संस्था महिन्यातून दोनदा शिल्लक शॉर्टचा आकडा घेते आणि तो काही दिवसांनी प्रसिद्ध होतो. त्याला सरासरी दैनिक उलाढालीने भागले, की सौदे फेडायला किती दिवस लागतील, याचा अंदाज येतो : ६० लाख शिल्लक आणि रोजची उलाढाल १५ लाख, तर ४ दिवस. मी पाहिलेल्या एका सशुल्क अ‍ॅपने हेच सूत्र आपल्याकडच्या एका दिवसाच्या शॉर्ट विक्रीला लावले होते. त्यातून निघणाऱ्या उत्तराला काहीही अर्थ नाही, कारण सकाळी विकून दुपारी घेतलेला शेअर फेडायचा राहिलेलाच नसतो.

सोलापूरच्याच प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारख्या, वायदा विभागात नसलेल्या शेअरबाबत मात्र या अहवालांतून फारसे हाती लागत नाही. तिथे रोजची उलाढाल आणि डिलिव्हरीची (प्रत्यक्ष खात्यात गेलेल्या शेअरची) टक्केवारी पाहावी, जी त्याच संकेतस्थळावर मोफत मिळते.