उद्यमबागेतली हीट ट्रीटमेंट, पिना टिकतात बघा

उसाच्या ट्रॉलीच्या पिना करायच्या असतील तर बेळगावच्या उद्यमबागेत मागच्या गल्लीत जे छोटं हीट ट्रीटमेंटचं (पोलाद तापवून-गार करून कडक, चिवट करायचं) युनिट हाय तिथंच द्या. आधी दुसरीकडनं ईएन ८ च्या (मध्यम कार्बनचं पोलाद) आणलेल्या, नुसत्या लाल करून पाण्यात बुडवलेल्या, टेंपरिंगच (नंतर परत बेतानं तापवणं) नाही, पहिल्याच दणक्याला काचेसारख्या तुटल्या. इथले मालक कारण नीट सांगतात. पोलादात अणू ओळीनं बसलेले असतात, मधेच एखादी ओळ अर्धवट सुटलेली असते, ते डिस्लोकेशन, आणि ते सरकतं म्हणूनच धातू तुटायच्या आधी वाकतो (१९३४ साली टेलर, ओरोवान, पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी हे वेगवेगळं मांडलं, मला तर भारीच वाटलं). ८५० डिग्रीच्या आसपास तापवून झटकन गार केलं की कार्बन आतच अडकतो, अणूंची जाळी ताणली जाते, डिस्लोकेशन हलेनात, मग पिन कडक पण ठिसूळ. टेंपरिंगमध्ये तो कार्बन बारीक कार्बाइड (लोखंड-कार्बनचे कण) होऊन बाहेर पडतो, कडकपणा थोडा उतरतो पण चिवटपणा येतो, आणि ट्रॉलीला तोच पाहिजे. रेट जरा जास्त हाय. पण हार्डनेस समोर तपासून देतात. कारखाने सुरू व्हायच्या आधीच माल टाका, नंतर लवकर नंबर लागत नाही.