सिझर झालंय, मालीशवाल्या मावशी लावाव्यात का? नाशिकमधल्या सेवेचा अभिप्राय

बाळंतिणीला मालीश करायला घरी येणाऱ्या मावशी नाशिकमध्ये पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत सगळीकडे मिळतात. आईची मालीश, बाळाची मालीश-आंघोळ, शेक, धुरी असं सगळं सव्वा महिन्याच्या बोलीवर चालतं. नॉर्मल डिलिव्हरीसाठी त्यांचा हात बसलेला असतो. सिझरलाही तीच पद्धत जशीच्या तशी लावली की गडबड होते. म्हणून हा अभिप्राय फक्त सिझर झालेल्यांसाठी.

सगळ्यात उपयोगाची हातापायांची मालीश, आणि तिच्यासाठी टाके सुकायची वाट बघावी लागत नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर दवाखान्यातच सुरू करता येते. तुर्कस्तान आणि इराणमध्ये सिझरनंतरच्या दुखण्यावर हिचे अभ्यास झाले आहेत. प्रत्येक हाताला आणि पायाला 5 मिनिटं, म्हणजे एकूण 20 मिनिटं पुरतात. तळहात-तळपायांत दाब ओळखणारी नसांची टोकं दाट असतात. त्यांचा संदेश मज्जारज्जूत पोचला की दुखण्याच्या संदेशाची वाट अडते. मेलझॅक आणि वॉल या दुखण्यावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेलं तत्त्व हेच.

करायची रीत अशी: टाच एका तळहातात धरायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत सावकाश सरकवायचा. मग एकेक बोट, शेवटी घोट्याभोवती. फार हलक्या हाताने गुदगुल्या होतात आणि पोट आक्रसून टाके ओढतात, म्हणून दाब ठाम हवा. दोन-तीन चमचे कोमट तिळाचं तेल चारही हातापायांना पुरतं. जास्त चोपडलं तर बाळंतीण फरशीवर घसरते, त्यामुळे उठण्याआधी तळपाय कोरडे पुसायचेच. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी मालिशीमुळे बंद करू नका. दोन गोळ्यांच्या मधल्या तासांत दुखणं डोकं वर काढतं, तेव्हा ही 20 मिनिटं कामी येतात.

पाठ आणि खांद्यांना मावशींच्या हाताची सर घरच्यांना येत नाही. बाळाला पाजताना वाकून मान आणि खांदे भरून येतात, तिथे त्यांचा अंगठा नेमका गाठीवर बसतो. फक्त पालथं झोपवू देऊ नका. कुशीवर, गुडघ्यांत एक उशी आणि पोटाला टेकून दुसरी. उठतानाही आधी कुशीवर वळून कोपराच्या आधाराने.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ‘पिशवी जागेवर बसवते’ म्हणून पोट चोळणं सिझरला सपशेल चूक आहे. गर्भाशय सहाएक आठवड्यांत आपोआप आकसतं. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळलेली दिसली, तरी आतल्या थरांना आठवडे लागतात. जखमेवर तेलही नको: त्यात मळ चिकटतो आणि ओल राहते. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की व्रणावर दोन बोटांनी रोज पाच मिनिटं, आधी आजूबाजूला, मग प्रत्यक्ष व्रणावर, वर-खाली आणि गोल. त्याने खालचे थर एकमेकांना चिकटून ताठर होण्याला आळा बसतो.

शेगडीचा शेक त्याहून धोक्याचा. टाक्यांभोवतीची कातडी कितीतरी महिने बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दारं-खिडक्या लावून बाजेखाली निखारे ठेवले की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि बाळही तिथेच असतं. शेगडी सरळ नाही म्हणा. कोमट पाण्याची पिशवी पाठीला चालते, पोटाला नको.

दूध उतरावं म्हणून स्तन दाबून चोळणाऱ्या मावशीही भेटतात. त्याने सूज वाढते. 2022 पासून स्तनपानतज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही जोरकस मालीश टाळायला सांगितलं आहे.

एक गोष्ट मालिशीआधी रोज बघायची: दोन्ही पोटऱ्या. एकच पाय सुजला, गरम लागला किंवा पोटरी दाबताच दुखली, तर त्या पायाला हात न लावता लगेच दवाखाना गाठायचा. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप, टाक्यातून पू, वाढलेला रक्तस्राव, किंवा बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी असेल तरी त्या दिवशी मालीश नको, डॉक्टरांना फोन करा.

मावशी ठरवताना त्या काय विचारतात याकडे लक्ष द्या. ‘ताई, टाके कसे आहेत, डॉक्टरांनी काय सांगितलंय?’ असं पहिल्याच दिवशी विचारणारी बाई डोळे झाकून ठेवावी. ‘आमच्या हातून शंभर बाळंतपणं झाली’ एवढंच सांगणारीला दोन दिवस बघून घ्या. आईचे आणि बाळाचे पैसे वेगळे की एकत्र, खाडे झाले तर दिवस पुढे वाढणार का, हे आधीच बोलून घ्या. राहायला गंगापूर रोडला आणि मावशी नाशिकरोडच्या असतील, तर सकाळची वेळ रोज पाळली जाईल का तेही विचारा. पोट वगळलं म्हणून पैसे कमी करायला लावू नका. तेवढा वेळ पाठीला आणि तळपायांना द्यायला सांगा.