परदेशी शेतावर राहायला पाठवतो म्हणून १,३६,५०० रुपयांना गंडा

आधी आकडे सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. ‘सभासद नोंदणी’ १८,५००. ‘यजमान कुटुंबाची अनामत’ ६४,०००. व्हिसाचं काम ४२,३००. विमा ११,७००. एकूण १,३६,५०० रुपये. माझे वडील, अण्णा, यांच्या बेदाण्याची पट्टी नुकतीच झाली होती, त्यातले हे पैसे. सांगलीत विश्रामबागेत त्या एजंटचं काचेचं ऑफिस होतं, एसी होता, भिंतीवर ऑलिव्हच्या बागेचा मोठा फोटो होता. आता तिथे कुलूप आहे आणि फोन बंद.

त्याने मला ‘वूफिंग’ला, म्हणजे परदेशी सेंद्रिय शेतावर काम करून राहायला, पाठवतो म्हणून पैसे घेतले. वूफिंग हा प्रकार खोटा नाही. त्या माणसाने खऱ्या गोष्टीच्या आडून लुबाडलं, म्हणून तर राग जास्त आहे. १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड यांनी ही पद्धत सुरू केली. दिवसाचे चार-सहा तास सेंद्रिय शेतावर काम करायचं, शेतकरी कुटुंब जेवण आणि राहायला जागा देतं, पगार नाही. बऱ्याच देशांत तिच्या संस्था आहेत. वर्षाची किरकोळ फी भरून आपणच सभासद व्हायचं, यादी बघून शेतकऱ्याला आपणच लिहायचं. मध्ये एजंट नसतोच. मला दिलेल्या छापील कागदावर १९७१ होतं, चार-सहा तास होते, सगळं बरोबर होतं. अनामतीची ओळ तेवढी त्याने घुसडलेली.

आणि घरचे तयार झाले ते ‘कुटुंब’ या शब्दावर. “अण्णा, हॉस्टेल नाही, कंपनी नाही. आजी आहे, सून आहे, दोन लहान पोरं आहेत. ताई घरच्यासारख्या राहतील.” बीएस्सी ॲग्री झालेली मुलगी तीन महिने इटलीत सेंद्रिय द्राक्षबाग बघून येणार, यात अण्णांना वावगं काय वाटणार?

आता ते पत्र. इटलीच्या टस्कनी भागातल्या त्या कुटुंबाच्या नावाने आलेलं, खाली वळणदार सही. त्यात लिहिलं होतं, मे महिन्यात द्राक्षतोडणीला ये. मी द्राक्षांच्या तासगावची. तिकडे कडक थंडीत वेल झोपतो, वसंतात फुटतो, मेमध्ये फुलोऱ्याच्या आसपास असतो. वाइनच्या द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. मेमध्ये तोडायला घड येणार कुठून? मी तिथेच, त्याच्या टेबलावर बोट ठेवून विचारलं. तो पापणी न हलवता म्हणाला, “ताई, तिकडचं हवामान वेगळं. त्यात हे सेंद्रियवाले.” आणि लगेच अण्णांसाठी चहा मागवला.

हा क्षण मला अजून झोपू देत नाही. पण आमच्याकडे तोडणी ठरते छाटणीवर. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. कोणी आगाप छाटून डिसेंबर-जानेवारीतच माल काढतो. तारखा पुढे-मागे होताना लहानपणापासून बघितलेल्या मुलीला ‘त्यांचं वेगळं असेल’ हे पटणारच. मी विचारलं होतं. खोटं उत्तर त्याने दिलं.

पैसे त्याने यूपीआयने मागितले, एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. ‘फर्मचं खातं ऑडिटला आहे’ म्हणे. फर्मचं नाव एक आणि खात्याचं नाव दुसरं दिसलं की तिथून उठा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) फी प्रौढाला ९० युरो आहे, ४२,३०० रुपये नाही. विमा किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा लागतो, तो घरबसल्या थेट कंपनीकडून काढता येतो. माझ्या पॉलिसीवरचा नंबर कंपनीच्या नोंदीतच नव्हता. मुंबईला व्हिसा केंद्रावर गेले तेव्हा माझ्या नावाची अपॉइंटमेंटही नव्हती.

त्याच्या पुढचं तर ऐकाच. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ऑफिस कोणत्या हद्दीत? दुसरीकडे गेलो तर म्हणाले, खातं पुण्याचं, तिकडे जा. अरे, नव्या कायद्यात हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर घ्यायचा असतो! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? “ताई, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, हे दिवाणी प्रकरण.” बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. परदेशी नोकरीवाल्या एजंटांच्या परवान्याचं काम बघणाऱ्या कार्यालयाला फोन केला, तर ही नोकरी नाही, पगार नाही, आमच्याकडे येत नाही. सुरुवातीला परवाना विचारला तेव्हा तो भामटाही हेच म्हणाला होता, “ही नोकरी नाही ताई, परवाना लागत नाही.” नोकरीला पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळाच्या यादीत शोधता येतो, त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. बिनपगारी काम म्हटलं की ही सगळी दारं बंद, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. माझ्या अण्णांना त्या बाकड्यांवर तासन्‌तास बसवून ठेवलं, आणि एका पोरसवदा शिपायाने वर विचारलं, मुलीला एवढ्या लांब पाठवायचंच कशाला?

ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. माझ्या वेळी खात्यातून बरंच काढून झालं होतं. २२,००० रुपये तेवढे गोठवलेत, तेही अजून सुटलेले नाहीत. चॅट पुसू नका, पावत्यांचे स्क्रीनशॉट घरच्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरही ठेवा. तक्रारीची पोच शिक्क्यासकट घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

परवा मैत्रिणीने एक जाहिरात पाठवली. ऑलिव्हच्या बागेचा तोच फोटो, देश मात्र पोर्तुगाल, ऑफिस साताऱ्यात. ती मी तक्रारीला जोडली आहे. तासगाव, मिरज, पलूस, सातारा, कुठेही कोणी अशी ‘यजमान अनामत’ भरली असेल तर गप्प बसू नका, आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि मला कळवा. सगळ्यांच्या पोचपावत्या एकत्र करून पोलीस अधीक्षकांकडे अर्ज देणार आहे. मसुदा तयार आहे, अण्णांची सही झाली आहे.