जॅग्वार: जुनी ई-टाइप की नवी एफ-टाइप?

१९६१ साली जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये आलेली ई-टाइप माझ्या लेखी आजवरची सर्वांत देखणी गाडी. विमान उद्योगातून आलेल्या माल्कम सेयर यांनी तिच्या रेषा गणित मांडून काढल्या. लांबलचक बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडून उघडतं आणि ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन पूर्ण नजरेत भरतं. बुटक्या काचेवर चक्क तीन वायपर!

२०१३ मध्ये विक्रीला आलेली डिझायनर इयान कॅलम यांनी रेखाटलेली एफ-टाइप चालवायला केव्हाही सरस. ब्रेक खात्रीचे, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची गर्जना अंगावर काटा आणणारी, हँडलं दारात बेमालूम लपलेली. रोज वापरायची तर हीच घ्यावी. पण दोघी शेजारी उभ्या असल्या तर मी ई-टाइपकडेच बघत राहीन. तिच्या निमुळत्या पाठीला तोड नाही.