१९६६ची मस्टँग: जुना एकेरी मास्टर सिलिंडर की १९६७चा दुहेरी?

१९६५ किंवा १९६६ची फोर्ड मस्टँग दारात आहे, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) गळायला लागलाय, आणि प्रश्न पडलाय: जुन्यालाच रबर किट (आतल्या रबरी सीलचा संच) टाकावं, की पुढच्या वर्षीच्या मॉडेलचा दोन कप्प्यांचा बसवावा?

जुन्यात कप्पा एकच, चारही चाकांना ब्रेक ऑइल त्यातूनच. मागच्या चाकाजवळची एखादी नळी फुटली तरी पेडल थेट तळाला, मग भिस्त हँडब्रेकवर. १९६७च्या मॉडेलपासून फोर्डने पुढच्या-मागच्या ब्रेकचे कप्पे वेगळे केले. १ जानेवारी १९६८पासून तर अमेरिकेत नव्या मोटारींना अशी दुहेरी रचना कायद्यानेच बंधनकारक झाली.

दुहेरी सिलिंडर घेणाऱ्यांची निराशा होते ती एकाच कारणाने: गाडी काही लवकर थांबत नाही! ड्रम (चाकाबरोबर फिरणारे डबे) तेच, लायनर (त्यांना आतून घासणारे पट्टे) तेच, मग फरक कुठून पडणार? एक बाजू गेली तर दुसरी उरते, एवढंच त्याचं काम. त्यातही मागची बाजू उरली तर गाडी बरीच लांब जाऊन थांबेल, कारण ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या चाकांवर येतं आणि खरा जोर तीच लावतात.

पैशात किट स्वस्त. पण आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं रबरही गळणारच. दुहेरीत सिलिंडरपेक्षा पाइपांचं काम जास्त. मूळ गाडीत एकच नळी पितळी जोडावर येते आणि तिथून फाटे फुटतात. मागचा फाटा सोडवून ते तोंड प्लगने बंद करायचं आणि मागच्या ब्रेकसाठी दुसऱ्या कप्प्यातून स्वतंत्र नळी न्यायची. नळी ३/१६ इंची, टोकांना डबल फ्लेअर, म्हणजे तोंड पसरवून आत दुमडलेलं. पाण्याच्या पाइपाला लावतात तसली फिटिंग इथे चालत नाही.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १ इंचाचाच ठेवा. ७/८ इंची घेतला तर पायाच्या त्याच जोरावर दाब सुमारे ३० टक्के वाढतो, पण पेडलही त्याच प्रमाणात खोल जातं. पुढेमागे डिस्क ब्रेक (ड्रमऐवजी चकती दाबणारे) बसवायचा बेत असेल तर सिलिंडर आत्ताच डिस्कसाठीचा पाहा. ड्रमवाल्यात नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे डिस्क घासत राहते.

गाडी फक्त प्रदर्शनात उभी राहणार असेल तर मी जुनाच ठेवेन. रस्त्यावर पळवणार असाल तर दुहेरी, पण आधी तिन्ही रबरी होज बदला. फुटतात त्या त्याच.

बसवताना पुशरॉड (पेडलचा जोर पोचवणारा दांडा) आणि सिलिंडरच्या पिस्टनमध्ये किंचित मोकळीक हवी, नाहीतर ऑइल कप्प्यात परतायचं भोक झाकलेलं राहतं आणि ब्रेक सुटत नाहीत. मी पहिल्या खेपेला ती ठेवली नव्हती. दोन मैलांत चारही ड्रम हात लावता येणार नाहीत इतके तापले.