सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: वर्षभर रोज वापरल्यावर

वेळ वाचेल म्हणून हा कुकर घेणार असाल तर थांबा. वरणभाताला गॅसपेक्षा यात जास्तच वेळ लागतो: दाब धरायला दहा मिनिटं, शिजायला दहा, वाफ जिरायला बारा-पंधरा. गॅसच्या कुकरमध्ये शिटीच्या वेळी आत 120 अंशांच्या आसपास तापमान असतं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर त्याहून कमी दाबावर चालतात, म्हणून प्रत्येक जिन्नसाला मिनिटं वाढवावी लागतात. पण शिट्या मोजायला ओट्याशी कुणी उभं राहावं लागत नाही. संध्याकाळी घरात शिरल्याबरोबर बटण दाबायचं आणि पोळ्या, मुलांचा अभ्यास, जे असेल ते उरकायचं. नोकरी करणाऱ्या घरात एवढ्यासाठीच तो ठेवण्यासारखा आहे.

वरणभाताचं जमलेलं प्रमाण असं. मोठ्या भांड्यात दीड वाटी पाणी, त्यात तिवई. खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली एक वाटी तूरडाळ, अडीच वाटी पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल. वरच्या डब्यात एक वाटी कोलम आणि दोन वाटी पाणी. नवी इंद्रायणी असेल तर दीड वाटीच, नाहीतर गोळा होतो. हाय प्रेशरवर दहा मिनिटं. डाळीचा डबा अर्ध्याच्या वर भरू नका आणि वाफ हाताने लगेच सोडू नका. उकळता फेस झडपेतून उडतो, ओटा पिवळा होतो, झडपही तुंबते.

खरी चैन उसळींची. रात्री भिजवलेले हरभरे वीस-पंचवीस मिनिटं, छोले पंधरा-अठरा, राजमा पंचवीस. मोड आलेल्या मटकीला दोन मिनिटं पुष्कळ, तीन केलीत तर लगदा. टोमॅटो, चिंच, आमसूल, गूळ शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की कडधान्याची सालं दडस राहतात आणि मग दोष कुकरला जातो. हरभरे, छोले दुप्पट शिजवून निम्मे पिशवीत चपटे पसरून फ्रीझरला टाकले की आठवड्यातला आणखी एक दिवस सुटतो.

राजमा ‘स्लो कुक’वर कधीही लावू नका. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. कमी आचेवर राजमा मऊ झालेला दिसतो, पण खाल्ल्यावर उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवलेलं पाणी फेकून प्रेशरवरच शिजवायचा.

टायमरची जाहिरात फार होते. सकाळी आठला कडधान्य पाण्यात घालून संध्याकाळी सातला गरम उसळ, हे थंडीत जमतं. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत पाण्याला फेस येतो आणि वास सुटतो. उन्हाळ्यात रात्री भिजवून, निथळून फ्रीजमध्ये ठेवा आणि संध्याकाळीच लावा. शिवाय वीज गेली की या मॉडेलचा टायमर पुसला जातो. लोडशेडिंगच्या गावात त्याच्या भरवशावर जेवण ठेवू नये.

फोडणीच्या बाबतीत मात्र साफ निराशा. भांड्याचा तळ मध्ये किंचित फुगीर आहे. तेल कडेला पळतं, मोहरी मधोमध कोरडी राहते आणि तडतडायच्या आत जिरं करपतं. कांदा तळाला चिकटला की ‘बर्न’ची सूचना येऊन शिजणं थांबतं. अर्धी वाटी पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडला की पुन्हा चालू होतं. दाण्याचं कूट किंवा वाटण घालायचं ते झाकण उघडल्यावर. आता सरळ कढल्यात गॅसवर फोडणी करून वरून ओतायची, चवही बरी लागते. पालेभाज्यांना तर हा कुकर नकोच, मेथी-पालक खाकी होतात. दुधी, लाल भोपळा दोन मिनिटांत होतो, पण तिथे वाफ ताबडतोब सोडावी लागते.

झाकणाची सिलिकॉन रिंग वास धरते. लसूण-काळ्या मसाल्याची उसळ झाली की दुसऱ्या दिवशी तांदळाच्या खिरीला तोच वास. उन्हात वाळवून कमी होतो, जात नाही. दुसरी रिंग घेऊन गोडासाठी वेगळी ठेवणं हाच उपाय. झाकणाच्या आत झडपेवर बारीक जाळीची टोपी असते. ती ओढून निघते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथे डाळ वाळून बसली की दाब धरत नाही आणि दुरुस्तीवाल्याकडे फेरी होते. आठवड्यातून एकदा काढून जुन्या ब्रशने घासा.

1000 वॅटचा आहे, वरणभाताला साधारण पाव युनिट लागतं. इंडक्शनसोबत एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका.

घेताना आतलं भांडं स्टीलचंच बघा, नॉनस्टिकचा लेप डाळ घोटताना ओरखडतो. आणि घरातले डबे मोजून जा: सहा लिटरमध्ये 18 सेंटिमीटर रुंदीचे दोन बुटके डबे एकावर एक बसतात. तीन लिटरचा स्वस्त पडतो, पण त्यात डाळ आणि भात एकदम लागत नाहीत.