आरोग्य संजीवनी पॉलिसी : एजंट न गाठता थेट साइटवरून घेतली, जमतं का?

आमच्या दादाचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स वगैरे काही नाही. त्याच्यासाठी, वहिनींसाठी आणि पुतण्यासाठी 5 लाखाची आरोग्य संजीवनी फ्लोटर (म्हणजे तिघांत मिळून एकच रक्कम असलेला आरोग्य विमा) घेतली, मुद्दाम कंपनीच्या साइटवरूनच. दादाचं आधी चाललं होतं की सरकारची मोफत उपचारांची फुले योजना आहे की, कशाला पैसे घालवायचे. पण ती योजना ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या हॉस्पिटलांतच चालते, डेंग्यूसाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे अ‍ॅडमिट झालात तर काय, म्हटल्यावर गप्प बसला.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या पॉलिसीत त्याने फार फरक पडत नाही. इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2020 ला एकच मसुदा ठरवून दिला आणि हेल्थ पॉलिसी विकणाऱ्या कंपन्यांना तो ठेवायलाच लावला, त्यामुळे अटी सगळीकडे जवळपास त्याच, फरक प्रीमियमचा, हॉस्पिटलांच्या यादीचा आणि क्लेमच्या वेळी माणसं कशी वागतात त्याचा. म्हणूनच ही थेट घ्यायला सोपी. दोन-चार साइट उघडायच्या, जन्मतारखा टाकायच्या, आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून घरच्या हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, त्यामुळे शेवटच्या पानावर रक्कम फुगत नाही, हे एक बरं झालं. (आकडा बघायच्या आधी मोबाईल नंबर मागतात, मग फोन सुरू होतात ते होतातच, जुनं सिम असेल तर ते द्या. पण खरा फॉर्म भरताना चालू नंबरच द्या.)

आता फॉर्म. नाव-पत्ता पटकन होतं, केवायसीला आधारचा ओटीपी लागतो आणि वहिनींच्या आधारला जोडलेला नंबर निघाला पुतण्याचा, तो कॉलेजात लेक्चरला बसलेला, तो ओटीपी सांगेपर्यंत साइटने बाहेर काढलं आणि परत पहिल्यापासून. हे चीड आणणारं आहे, अर्धवट फॉर्म सेव्ह करायची सोय नाही म्हणजे काय? पण खरी गोम तब्येतीच्या प्रश्नांच्या पानावर आहे. तिथे सगळ्या प्रश्नांना 'नाही' आधीच टिक करून ठेवलेलं होतं. घाईतला माणूस खाली सरकून पुढे जाणार की नाही? वहिनींना विचारलं काही आजार, तर म्हणाल्या छे, काही नाही, आणि मग सहज म्हणाल्या सकाळची बीपीची गोळी तेवढी. ती गोळी लिहायचीच! लिहिली तर बीपीशी संबंधित खर्चाला जास्तीत जास्त 3 वर्षं थांबायचं (आधी 4 होती, 2024 ला कमी झाली), लपवली तर क्लेमच्या वेळी 'माहिती दडवली' म्हणून हात वर करतात. सलग 5 वर्षं पॉलिसी चालली की मग फसवणूक सिद्ध केल्याशिवाय तसं म्हणता येत नाही, पण तोवर टांगती तलवार कशाला.

पॉलिसी म्हणून ही साधी आहे, स्वस्त आहे आणि तोकडी पण आहे. प्रत्येक क्लेममध्ये 5 टक्के आपल्या खिशातून. रूमचं भाडं विम्याच्या रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला 5 हजारांच्या वर नाही. कराड-साताऱ्यात भागेल, पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलला 8 हजारांची रूम घेतली तर नुसते वरचे 3 हजार जात नाहीत, डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा चार्ज असल्या रकमासुद्धा त्याच प्रमाणात, म्हणजे आठातल्या पाचच्या हिशोबाने मिळतात. औषधं आणि इम्प्लांट या कपातीतून सुटतात. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे फार तर 40 हजार. हे सगळं माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं, ते मराठीतून मागता येतं, आम्ही मागितलं.

क्लेमचं मी सांगू शकत नाही, देवकृपेने वेळ आलेली नाही. नियम म्हणतो कॅशलेसची (कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला देण्याची) परवानगी 1 तासात आणि डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत. पण रात्री अ‍ॅडमिट केल्यावर टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) मागे लागणारा एजंट तुमच्याकडे नसणार हे धरून चाला. घरात फोन-ईमेल करणारं कुणी असेल तर थेट घ्या, वयस्कर दोघंच राहत असतील तर ओळखीचा चांगला एजंट बरा. आणि नेटवर्क हॉस्पिटलांच्या यादीवर जाऊ नका, हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कला फोन करून विचारा, आमच्या यादीतल्या एकाने सरळ सांगितलं की आता टायअप नाही.

माझ्याकडून पॉलिसीला 5 पैकी साडेतीन, साइटला दोन. पीडीएफ मेलवर आली की त्यात फॉर्मची कॉपी असते, वहिनींचं बीपी तिथे छापलंय का ते आम्ही आधी बघितलं. नसेल तर लगेच मेल करून दुरुस्त करून घ्या, आणि अटी वाचून पॉलिसी पटलीच नाही तर परत करायला 30 दिवस असतात.